वरचे ड्यूक, खालचे ड्यूक

किस्से जमवायला म्हणून कुणी बसत नाही. आपण आपलं काम करत असतो आणि ते धुवायच्या कपड्यांसारखे कोपऱ्यात साठत जातात. एक दिवस बघावं तर हा एवढा ढीग!

आमचा ढीग साठला अमेरिकेत, पार्सिपनीतल्या एका लायब्ररीच्या बेसमेंटमध्ये, २००३-०४ च्या सुमारास. आणि तो कुणाचा, तर जर्मनीतल्या एका गावच्या ड्यूक लोकांचा. ड्यूक म्हणजे आपले संस्थानिक समजा. त्या एवढ्याशा गावात ड्यूकची दोन घराणी होती, एक टेकडीवरच्या राजवाड्यात आणि एक नदीकाठच्या. आम्ही त्यांना सरळ 'वरचे' आणि 'खालचे' म्हणायचो. त्यांचे जन्म, लग्नं आणि मृत्यू कॉम्प्युटरवर चढवायचे, हे आमचं काम.

आमचा आणि ड्यूकचा काय संबंध? काहीच नाही. मी आणि नागपूरची मेधा, दोघी एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्यांच्या मागे आलेल्या. नोकरी करायची परवानगी नाही, घरात बसून भिंती पाठ झालेल्या. लायब्ररीच्या बोर्डवर 'व्हॉलंटियर्स हवेत' अशी चिठ्ठी दिसली आणि आम्ही बेसमेंटमध्ये उतरलो.

तिथं एडना बसली होती. वय एक्याऐंशी, केस पांढरेशुभ्र, लिपस्टिक लालभडक. तिच्या वंशावळी शोधणाऱ्या मंडळातल्या कुणी तरी चर्चच्या जुन्या वह्यांतली एकेक नोंद इंग्रजीत आणून कार्डांवर उतरवली होती. अशी कार्डं भरलेले बुटांचे चौदा खोके तिच्यासमोर होते.

"तुम्हाला जर्मन येतं?" तिनं विचारलं.

"नाही," मेधा म्हणाली, "पण नातेवाईक खूप आहेत."

एडनानं तिथल्या तिथं आम्हाला घेतलं.

एडनाचा ह्यात जीव का अडकला होता, ते पहिल्याच मंगळवारी कळलं; आम्ही दर मंगळवारी जायचो. तिची आजी, विल्हेल्मिना, त्याच गावची. ती ड्यूकची मुलगी होती आणि प्रेमात पडून अमेरिकेला पळून आली, असं एडनाच्या घरात तीन पिढ्या सांगत आले होते. एडनाच्या भावाची बायको डोरोथी मात्र दर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला सगळ्यांदेखत विचारायची, "कागद कुठाय?" तो कागद एडनाला त्या खोक्यांत शोधायचा होता. ऑगस्टमध्ये तिच्या अंगणात सगळ्या कुटुंबाचं संमेलन होतं. साठ माणसं येणार होती आणि ड्यूकचं राजचिन्ह छापलेली आमंत्रणं तिनं आधीच पाठवून दिली होती.

---

दोन महिन्यांनी मेधाच्या सासूबाई, सुलभाकाकू, सहा महिन्यांसाठी मुलाकडे राहायला आल्या. दिवसभर घरी एकट्या काय करतील म्हणून मेधा त्यांनाही घेऊन आली. आता योगायोग बघा. काकूंनी एका नगरपालिकेत तीस वर्षं नोकरी केलेली, ती जन्म-मृत्यू नोंदणी खात्यात.

काकूंनी पहिलं कार्ड उचललं, चष्मा नाकावर खाली ओढला आणि म्हणाल्या, "आईचं नाव कुठाय? हे असं चालणार नाही."

कार्ड १७३० सालातलं होतं. काकूंनी ते 'अपूर्ण' म्हणून बाजूला ठेवलं आणि एडनाला सांगितलं, "टेल देम, कम अगेन विथ फुल पेपर."

---

वरच्या घराण्यात प्रत्येक मुलाचं नाव फ्रेडरिक. एका ड्यूकला पाच मुलगे आणि पाचही फ्रेडरिक. पुढे काही तरी वेगळं लावलेलं असायचं, पण ते आमच्या जिभेला झेपणारं नव्हतं. मग काकूंनी आपल्याकडची सोय केली: थोरले, मधले, धाकटे, बारके आणि लहानपणी गेले ते बिचारे. कार्डांवर पेन्सिलीनं तसं लिहूनही टाकलं.

महिन्याभरात एडनालाही सवय झाली. एकदा फिलाडेल्फियाहून एक प्रोफेसर कुठल्याशा फ्रेडरिकची चौकशी करायला आले. कोट, टाय, हातात चामड्याची बॅग.

एडनानं त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्हाला बारके पाहिजेत!"

प्रोफेसरांनी ते वहीत लिहून घेतलं.

---

खरा घोळ झाला 'कझिन'वरून. कार्डावर लिहिलेलं असायचं, अमक्या ड्यूकनं आपल्या कझिनशी लग्न केलं. दर तिसऱ्या कार्डावर हेच.

"कझिन म्हणजे कोण पण?" काकू म्हणाल्या. "मामाची मुलगी असेल तर ठीक आहे, आपल्याकडेही करतात. काकाची असेल तर ती बहीणच की!"

मग त्यांनी मेधाला आणि मला कामाला लावलं. प्रत्येक नवरीचा बाप शोधायचा, बापाची बहीण शोधायची, आईचा भाऊ शोधायचा. तीन मंगळवार हेच चाललं होतं. चौथ्या मंगळवारी टेबलावर कार्डांचे दोन गठ्ठे तयार झाले.

"हे काय आहे?" एडनानं विचारलं.

काकूंनी पहिल्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "धिस मॅरेज, ओके." मग दुसऱ्यावर. "धिस मॅरेज, नॉट ओके."

एडनानं दुसऱ्या गठ्ठ्यातलं वरचं कार्ड वाचलं. "सुलभा, ह्यांना अकरा मुलं झाली."

"स्टिल नॉट ओके," काकू म्हणाल्या.

---

खालच्या घराण्यात एक लग्न फेब्रुवारीत झालं होतं आणि त्याच जोडप्याला पहिला मुलगा झाला होता जूनमध्ये. मेधानं बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मग हळूच कार्ड सासूबाईंकडे सरकवलं.

काकूंनी ते बराच वेळ निरखलं. "मुलाची तारीख बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "लग्नाची नोंद उशिरा केलेली दिसते. लोक फार आळशी असतात. आमच्याकडेही दंड भरून यायचे."

"आई, राजा होता तो," मेधा म्हणाली.

"मग तर काय, वेळच नसणार."

---

एका मंगळवारी मेधाच्या वाट्याला साथीचं वर्ष आलं. खालच्या घराण्यातली नऊ माणसं एका महिन्यात गेलेली, त्यात चार लहान मुलं. मेधा हळवी आहे. नऊ मृत्यू टाइप करून ती घरी गेली आणि पर्स ठेवून थेट बाथरूममध्ये शिरली.

तिचा नवरा निखिल ऑफिसमधून येऊन चहाची वाट बघत होता. "काय झालं? कोण गेलं?"

"खालचे गेले," मेधा आतून म्हणाली. "सगळेच गेले रे."

त्यांचं अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली एक गुजराती कुटुंब राहायचं. निखिल बूट न घालताच जिना उतरून धावला. दार उघडणाऱ्या पटेलकाकांना त्यानं अशी घट्ट मिठी मारली, की पटेलकाकांनी त्या वर्षी दिवाळीला त्याला मिठाई पाठवताना एक डबा जास्तच पाठवला.

वर आल्यावर त्याला खरा प्रकार समजला. "अगं यार, अडीचशे वर्षं झाली त्याला! आंघोळ कसली करतेस?"

काकूंनी निकाल दिला. "बरोबर केलं तिनं. वर्ष उलटून गेल्यावर बातमी कळली तर सुतक नसतं, नुसती आंघोळ पुरते."

---

आणि मग जुलै उजाडला. बाराव्या खोक्यात मेधाला विल्हेल्मिनाचं कार्ड सापडलं.

नाव तेच, जन्मतारीख तीच, एडनाकडच्या आजीच्या जहाजाच्या कागदांवर होती ती. बाप्तिस्मा राजवाड्याच्या चर्चमधलाच. वडील: वरच्या राजवाड्याचे आचारी. आई: त्यांची बायको. शंकेला कुठं जागाच नव्हती.

एडना वर लायब्ररीत कॉफी आणायला गेली होती. आम्ही तिघी त्या कार्डाकडे बघत बसलो. मला साठ आमंत्रणं दिसत होती. मेधाला बहुतेक डोरोथी दिसत असावी, कारण तिचे डोळे भरून आले.

"आई, हे कार्ड हरवू या नं," मेधा म्हणाली. "एक्याऐंशी वर्षांची आहे हो ती. कोणाचं काय जाणार आहे?"

"तीस वर्षांत मी एक नोंद हरवलेली नाही," काकू म्हणाल्या. पण त्यांचाही आवाज नेहमीसारखा नव्हता. "सांगायला तर पाहिजे. मी सांगते. सांगायची एक पद्धत असते."

ती पद्धत आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. माणूस गेला, असं आपल्याकडे एकदम कुणी बोलत नाही. आधी 'तब्येत जरा बरी नाही' म्हणायचं. मग 'तुम्ही निघून या'. ऐकणाऱ्याला खाली बसवायचं, पाणी द्यायचं, आणि मग उरलेलं.

एडना कॉफी घेऊन आली. काकूंनी तिच्या हातातला कप काढून घेतला, तिला खुर्चीवर बसवलं, पाण्याचा ग्लास दिला आणि तिचा हात हातात घेतला.

"एडना," त्या म्हणाल्या, "युवर ग्रँडमदर... लिटल नॉट वेल."

एडना म्हणाली, "सुलभा, तिला जाऊन साठ वर्षं झाली."

"येस. बट ड्रिंक वॉटर."

एडना पाणी प्यायली. काकूंनी कार्ड तिच्यासमोर ठेवलं. तिनं ते एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मला तर तिथून पळून जावंसं वाटत होतं.

ग्लास खाली ठेवून ती म्हणाली, "हे पाणी फार उपयोगी पडलं." मग भिंतीवरच्या फोनकडे गेली आणि तिनं नंबर फिरवला.

"डोरोथी, मी एडना. तू बसली आहेस का? आधी बस. आजीची तब्येत जरा बरी नाही. तू लायब्ररीत निघून ये." आणि फोन ठेवून दिला.

विसाव्या मिनिटाला बेसमेंटच्या जिन्यावर धडधड पावलं वाजली. डोरोथी. ब्लाउजची बटणं चुकलेली, एका पायात घरातली सपात आणि हातात फॉइलनं झाकलेला बटाट्याचा भला मोठा कॅसरोल. आजाऱ्याकडे जाताना आपण शहाळं नेतो, तिकडे लोक हा नेतात. कोणती आजी, हे विचारायचंही तिला सुचलं नव्हतं.

"कशी आहे आता ती?" डोरोथीनं धापा टाकत विचारलं.

एडनानं तिला खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि तिचा हात हातात घेतला.

"तशी बरी आहे," ती म्हणाली. "पण आचाऱ्याची मुलगी निघाली."