सहा शाळांची विजयमाला

माझी आजी विजयमाला शिवशरण सोलापुरातल्या एका शाळेत एकतीस वर्षं क्लार्क होती. आता ती बहात्तर वर्षांची आहे. तिच्या स्वतःच्या शाळा मात्र सहा झाल्या, आणि प्रत्येक शाळेतल्या गुरुजी-बाईंची नावं तिला अजून पाठ आहेत.

तिचे वडील कुंडलिक रेल्वेत गँगमन होते. रूळ तपासायचे, खडी भरायची, ढिले बोल्ट आवळायचे, हे त्यांचं काम. बदलीचा कागद आला की दोन-चार दिवसांत खोली रिकामी करावी लागे. त्यांना अक्षर ओळखू येत नव्हतं, तो कागदही मुकादम वाचून दाखवायचा. नव्या गावी गाडीतून उतरलं की ट्रंक आणि भांड्यांचं पोतं बायकोच्या स्वाधीन करून ते मुलीचा हात धरायचे आणि शाळा शोधायला निघायचे.

"चूल तर मांडू द्या की आधी," आजीची आई अंबुबाई कुरकुरायची.

"चूल सांजच्याला पेटंल. शाळा पाचला बंद हुती," ते म्हणायचे.

पहिली होटगीत झाली. दुसरीला दुधनी. तिथं रेल्वेच्या चाळीजवळची शाळा कानडी होती, आणि मराठी शाळा लांब. आजी कानडी शाळेत बसली.

"पयले दोन मैने मी नुसती मान हलवायची," ती सांगते. "बाई बस म्हनल्या का ऊठ म्हनल्या, काय कळायचं न्हाय. पुढची पोरगी काय करती ते बघायचं आन तसंच करायचं." पुढच्या वर्षी तिसरीच्या परीक्षेत ती वर्गात दुसरी आली.

आणि लगेच बदली झाली कुर्डुवाडीला. तिथल्या हेडमास्तरांनी दाखला पाहिला, तिला मराठी धडा वाचायला दिला. ती ओळीओळीला अडखळली. ते म्हणाले, "कानडी शाळेतली मुलगी आहे, चौथीत नाही निभायची. दुसरीत बसवा."

कुंडलिक हात जोडून उभे होते, पण जागचे हलले नाहीत. "साहेब, बदल्या माज्या झाल्यात. पोरगी नापास झाली न्हाय. तिला मागं का बसवता?"

हेडमास्तरांनी दाखला पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत बसू दे चौथीत. नाही जमलं तर खाली."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी चाळीच्या ओट्यावर आजी शिळं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची आणि वडील शेजारी बसायचे. तिचं काय चुकलं ते त्यांना कळत नसे, पण ती अडखळली की बरोबर कळायचं. "थांबलीस का? परत वाच," म्हणायचे. दिवाळीच्या सुट्टीआधी हेडमास्तरांनी तिला बोलावून दोन पानं वाचून घेतली आणि वर्गाच्या बाईंना एवढंच सांगितलं, "राहू दे हिला चौथीत." उन्हाळ्यात चौथी पास झाली.

पुढं माढा, मोहोळ, आणि नववीला बार्शी. तेव्हा अकरावीला मॅट्रिक असे. आमच्या घराण्यात तोवर कुणी मॅट्रिक झालं नव्हतं. एकाहत्तर सालच्या जानेवारीत, परीक्षेचा फॉर्म भरून झाल्यावर, कुंडलिकांची बदली पुन्हा होटगीला झाली.

तेव्हा आजी आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, "मी येत न्हाय."

अंबुबाई रडायला लागली. तरण्या पोरीला परगावी कुणाच्या भरवशावर ठेवायचं? शेजारी केराबाई राहायची. धान्याच्या आडतीवर ज्वारी-तूर निवडायला जाणारी एकटी बाई, नात्याची ना गोत्याची. ती दारात येऊन म्हणाली, "माज्यापाशी ऱ्हाऊ दे लेकरू. पेपर झालं की गाडीत बसवते."

तीन महिने आजी तिच्याकडे राहिली. पहाटे कामाला जाताना केराबाई तिला उठवून, चहा पाजूनच जायची. "आडतीवरनं आल्यावर मला इच्यारायची, आज काय शिकलीस? तिला ते समजायचं न्हाय. पन सांगितल्याबिगर जेवू द्यायची न्हाय," आजी म्हणते.

जूनमध्ये निकालाचे नंबर वर्तमानपत्रात छापून आले. आजीनं पेपर घेतला आणि होटगी स्टेशनापासून रुळाकडेनं चालत जिथं गँग काम करत होती तिथं गेली. वडिलांनी पहार खाली ठेवली, धोतराला हात पुसले.

"कुटं हाय तुजा नंबर?"

आजीनं त्यांचं बोट धरून त्या आकड्यावर ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ उचललं नाही. मग त्यांनी पेपर मुकादम वीरभद्रप्पांकडं दिला. "तुमी वाचा."

वीरभद्रप्पांनी आकडा खणखणीत वाचला आणि म्हणाले, "पास हाय, कुंडलिक."

"पोरीचं नाव न्हाय छापलं?"

"नंबरच छापत्यात. नाव न्हाय."

"मग नाव आमी सांगू," कुंडलिक म्हणाले. आणि त्यांनी सांगितलं. पॉइंट्समनला, स्टेशन मास्तरांना, पाणी भरायला आलेल्या बायकांना. आठवडाभरात होटगीत ज्याला त्याला माहीत झालं की गँगमनची विजयमाला मॅट्रिक झाली.

पुढं आजीनं टायपिंग केलं, लग्न झालं, शाळेत नोकरी लागली. शाळा विणकरांच्या वस्तीत होती. कामासाठी गाव बदलणाऱ्यांची मुलं वर्षाच्या मध्येच यायची, दाखल्याशिवाय. आजी हेडबाईंना सांगून त्यांना आधी वर्गात बसवायची आणि जुन्या शाळेला पत्रं लिहून दाखला स्वतः मागवायची. अक्कलकोटकडचं मूल आलं तर त्याच्याशी कानडीत बोलायची. किती मुलं अशी बसवली असं विचारलं तर म्हणते, "मोजायला ती काय ज्वारीची पोती हायत व्हय?" पण तेव्हा तिचा चेहरा खुललेला असतो.

गेल्या दिवाळीत आमच्या शेजारच्या रेश्माकाकू त्यांच्या शाळेच्या वर्गमैत्रिणींना चाळीस वर्षांनी भेटून आल्या. मी आजीला म्हटलं, "तुला नाही का कुणी बोलावत?"

"मला कोन वळखंल, बुद्धप्रिया? बार्शी सोडली तर एका जागी कुटं टिकले मी?" ती म्हणाली. "वाईट वाटतं की. लग्नात शाळेतली एकबी मैत्रीन नव्हती. पन येवढ्या शाळा फिरले, एक वर्स वाया जाऊ दिलं न्हाय बापानं. आन मीबी."

मग पदर सारखा करून उठली आणि रेश्माकाकूंचे फोटो बघायला गेली. तासभर बसून एकेका बाईचं नाव, गाव आणि ती पुढं काय शिकली ते विचारत होती.