गरम रोडगा

आमच्या गावच्या भंडाऱ्यात वाढपी म्हणून मी इतकी वर्षं मिरवलो आहे, की परक्याच्या लग्नातसुद्धा माझा हात नकळत वरणाची बादली शोधतो. गाव मेहकरपासून जवळच. महादेवाचा भंडारा म्हणजे वांग्याची भाजी, वरण आणि गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे जाड रोडगे. वाढपी सगळे बिनपैशाचे, हौसेचे. आणि रीत अशी, की वाढणाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी जेवायचं.

यंदा ही हौस आटली. भंडारा तोंडावर आला आणि निम्म्या वाढप्यांनी अंग काढून घेतलं. कुणाची कंबर धरली, कुणाची म्हैस व्यायला झाली. भंडारा समितीच्या अध्यक्षांना वेगळाच संशय आला.

"हे घरून अडून राह्यलं," ते म्हणाले. "वाढप्यायचे नियम नव्यानं करू, अन् घरच्यायलेबी बोलावू."

देवळाच्या मंडपात बैठक बसली. खरं तर आम्ही पुरुषांनी नियम आधीच ठरवून ठेवले होते. डोक्यावर सारखी टोपी, शिट्टी फक्त अध्यक्षांकडे, पंगतीत मोबाइल पाहायचा नाही. टोपीवर नाव छापायचं की नाही यावरून तर दोघं हातघाईवर आले. मग अध्यक्षांनी बायकांकडे वळून रीतीपुरतं विचारलं, "तुमचं काही म्हननं?" लगेच चहा सांगायचा त्यांचा बेत होता.

माझी बायको उठली. घरात ती अशी उठते तेव्हा मी गुपचूप बसून घेतो.

"भंडाऱ्यातला गरम रोडगा कसा लागते हो?" तिने विचारलं.

कुणाला काही कळेना.

"मले नाही मालूम. हे दरसाल खांद्यावरच्या दुपट्ट्यात बांधून आनतात, थंडा. मी बत्त्यानं फोडून खाते. गुरं मी पाहाचे, म्हातारीले मी जेवू घालाचं, तवा हे इकडं सेवा करतात. मले एकदा पंगतीत बसून गरम खाचा हाय. नाही तं यंदा यायले धाडत नाही."

तेवढ्यात मागून अध्यक्षांच्या बायकोचा आवाज आला, "हाव, आमच्या घरीबी बत्ताच!"

"पन वाढप्याच्या घरचे आधी जेवले तं लोक काय म्हनतीन?" अध्यक्षांनी धीर करून विचारलं.

"मंग वाढा तुम्ही एकटेच, टोपी घालून," बायको म्हणाली आणि खाली बसली.

नियम झाला. पहिली पंगत वाढप्यांच्या घरच्यांची. टोपीचा विषय तसाच राहिला, तो पुन्हा कुणी काढला नाही. आणि भंडाऱ्याच्या दिवशी सगळे वाढपी हजर! कंबरा सरळ झाल्या होत्या.

मी रोडग्यांचं टोपलं घेऊन निघालो. बायको ठेवणीतली साडी नेसून मांडी घालून बसली होती. तिच्या पत्रावळीवर रोडगा ठेवला आणि पुढे सरकलो.

"काहो, थांबा," ती म्हणाली. "दुसऱ्यायले तं घ्या हो, घ्या हो करता. मले नाही करत आग्रह?"

मी वाकलो. "घे ना अजून एक."

"नको."

"अर्धा तरी."

"नको म्हनलं ना," म्हणत तिने पत्रावळीवर हात आडवा धरला, पण बोटं चांगली फाकवून. मी अर्धा घातला. तिने तो वरणात कुस्करला आणि डोळे मिटून पहिला घास घेतला. आख्ख्या पंचक्रोशीला आग्रह करणारा माणूस मी, पण हिला घे म्हणायची वेळ आज पहिल्यांदाच आली. मागे अध्यक्षांची शिट्टी वाजत होती, पंगत खोळंबली होती. मी हललो नाही.

शेवटची पंगत उठेपर्यंत माझी जेवायची ताकद उरली नव्हती. माझ्या वाटणीचा रोडगा दुपट्ट्यात बांधला आणि घरी आलो. बायको ओसरीवर पाय पसरून निवांत बसली होती. दुपट्ट्याकडे पाहून ती हसली आणि शेजारी काढून ठेवलेला बत्ता माझ्याकडे सरकवला.