यादीतलं पाचवं काम

आमचे वडील म्हणायचे, थोरलीला चिकाटी आहे, धाकटीला डोकं. धाकटी बहीण शाळेत कायम पहिली. दहावीनंतर तिचं तामलवाडीला लग्न झालं. मी दोनदा नापास होऊन पदवीधर झाले आणि धाराशिवला एका सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागले.

बढतीसाठी खात्याची परीक्षा होती. नवरा एसटीत वाहक, आठवड्यातले चार दिवस बाहेर मुक्काम. सात वर्षांची मुलगी घरात असली की माझं पाठांतर होईना. बहीण म्हणाली, "ताई, परीक्षेपुरती दे माझ्याकडं."

हुशार माणसाचं ते एका वर्षात झालं असतं. मला तीन लागली. रोज संध्याकाळी बहीण फोनवर नियम विचारायची. माझ्याआधी तिलाच पाठ व्हायचे. मागून मुलगी ओरडायची, "मावशी, तूच बस की परीक्षेला!"

पास झाले, त्याच आठवड्यात रजा टाकून तामलवाडीला गेले. यादी केलेलीच होती. बहिणीला साडी, तिच्या सासूबाईंच्या गोळ्या, लाडवाचा डबा परत, शाळेचा दाखला, मुलगी.

ओट्यावर ठेवलेली यादी मुलीनं वाचली. "डब्याच्या खाली व्हय मी?"

बहीण हसली. मीही हसले. म्हणाले, "चल, आवर."

"मी न्हाय येत." ती रडत नव्हती. "तू ऑफिसातनं येईस्तवर मी तिथं काय करू? इथं मावशी असती."

बहीण म्हणाली, "लेकरू हाय, ताई. चार दिवस रडंल, मग रुळंल. ने तू." पण पिशवी भरायला ती उठली नाही. मीही उठले नाही.

साडेचारच्या बसनं परत आले. बसमध्येच पहिल्या तीन कामांवर खुणा केल्या. उरलेली दोन दुसऱ्या दिवशीच्या यादीत घेतली आणि मुलीला एक नंबर दिला. काही महिने रोज तिला पुढच्या पानावर उतरवत गेले. जूनमध्ये तिची तिथलीच शाळा सुरू झाली, तेव्हा थांबवलं.

ऑफिसात नवीन लागलेल्या मुलींना अजून सांगतात, चिकाटी शिकावी तर मॅडमकडून. मी मान हलवते आणि पुढची फाईल घेते.

आता मुलगी धाराशिवलाच कॉलेजात आहे. वसतिगृहात राहते. रविवारी जेवायला येते, स्वतःचं ताट घासून ठेवते आणि निघायच्या आधी मावशीला फोन लावते.