गादीवरून पाटावर

आता वर्ध्यातले लोक मले पर्सनल ट्रेनर म्हणतात. सकाळी आंजीहून एसटीने येतो अन् घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून व्यायाम करून घेतो. एका जिमवाल्याने वयस्कर लोकांची बॅचही माझ्याकडे दिली आहे, अन् तो मले सर म्हणतो. माझी शाळा नावापुरतीच झाली. आपल्याले कोणी सर म्हणेल असं कधी वाटलं नव्हतं, पण खोटं काऊन बोलू, ऐकायले बरं वाटते. हे सारं मिळालं ते एका बाईमुळे. ते लिहून ठेवावं असं लय दिवसांपासून मनात होतं.

मी आखाड्याचा माणूस. गावच्या आखाड्यात कुस्ती शिकलो अन् उस्ताद गेल्यावर तिथंच शिकवत राह्यलो. पुढं पोट्टे मशीनवाल्या जिमकडे वळले अन् आखाडा ओस पडला. तरी मी रोज माती उकरून, पाणी शिंपडून ठेवत होतो. घरची म्हणे, "रोज उकरताच हाय, तं भुईमूग तरी पेरा." मी फावडं घेऊन आखाड्याकडे निघून जाई. आखाडा बंद झाला हे माझ्या तोंडून निघणार नव्हतं.

लंगोटाचं कापड मी वर्ध्याच्या एका दुकानातून घेत होतो. तिथल्या शेठने एक दिवस मले बसवून चहा पाजला अन् म्हणाला, "पहेलवान, आमच्या आईले पाटावर बसवून देता काय?"

मले आधी वाटलं, उचलून बसवायचं असेल. तसं नव्हतं. त्यांच्या घरी भादव्यात महालक्ष्म्या बसतात. घरातली मोठी बाई पाटावर मांडी घालून पूजा करते. शेठच्या आईचे गुडघे धरले होते. डॉक्टरने सांगितलं होतं, ऑपरेशनची आताच गरज नाई, मांड्यांत ताकद आणा. पण घरात व्यायाम करून घेणारं कोणी नव्हतं, अन् जिमच्या पायऱ्या चढायले बाई तयार नव्हत्या.

बाई माझ्याच वयाच्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मले सांगितलं, "मागच्या साली खुर्चीवर बसून पूजा केली म्या. महालक्ष्म्या उभ्या, अन् मी त्यायच्यापुढे पाय सोडून, जसं दुकानात गिऱ्हाईक बसते. यंदा तसं झालं तं पाट सुनेले देऊन टाकीन."

सून दारातच उभी होती. "आत्याबाई, पाट एकटा नाई येत. त्याच्यासंगं सोळा भाज्या अन् पुरण बी येते. काका, काही बी करा, पण यायले बसवा."

माझ्यापुढं वेगळीच पंचाईत होती. आखाड्यात शिकवणं सारं हातानं चालते. खांदा दाबायचा, मांडीवर थाप मारायची, कंबर धरून वळवायची. परक्या घरच्या बाईले हात कसा लावणार? अन् हात न लावता शिकवणं मले येत नव्हतं. शेवटी मी एक बांबूची काठी आणली. एक टोक त्यांच्या हाती, दुसरं माझ्या. त्या उठताना किती ओढतात, कोणत्या पायावर भार देतात, ते मले काठीतून हाताले समजे. आजही मी सगळ्यांची सुरुवात अशीच करतो.

दुकानातल्या जुन्या पातळ गाद्या माडीवर पडल्या होत्या. मी त्या खुर्चीच्या उंचीइतक्या रचल्या. बाईंनी त्यावर बसायचं अन् उठायचं. ती उंची सोपी झाली की मी एक गादी काढून घेई. शेठ म्हणे, "पहेलवान, माल उतरवून राह्यले काय?"

गाद्या उतरत होत्या तोवर श्रावण लागला. एका सकाळी बाई उठल्या अन् डोळ्यापुढं अंधारी येऊन परत गादीवर बसल्या. हातातली काठी सुटली. घर गोळा झालं. तेव्हा समजलं, त्या सोमवार धरत होत्या, गुरुवार धरत होत्या, शनिवारबी धरत होत्या, अन् मले एकाचाबी पत्ता नव्हता. वरून उपाशीपोटी माझा व्यायाम.

शेठ म्हणाला, "आता बंद करा. कोण्या देवानं सांगितलं खाली बसा म्हणून?"

मी म्हणालो, "बाई, उपास सोडा."

"उपास नाई सुटत."

"मंग पाट सुटते."

"तो बी नाई सुटत."

मी हट्टी आहे हे गावात सारे सांगतात. पण त्या दिवशी मले माझ्या बरोबरीचं माणूस भेटलं. वाद घालून उपयोग नव्हता. ठरलं असं की उपासाच्या दिवशी दूध-केळं पोटात गेल्याशिवाय काठीले हात लावायचा नाई, अन् त्या दिवशी थोडंच करायचं. शेठ कुरकुर करत खाली दुकानात गेला.

शेवटच्या गादीपर्यंत बाई छान उतरल्या. पण ती गादी काढली अन् जमिनीवरून उठणं जमेना. मी म्हणत होतो, हात न टेकता उठा. आखाड्यात जमिनीले हात टेकून उठणाऱ्याले आम्ही हसत होतो. बाई घामाघूम झाल्या अन् म्हणाल्या, "पहेलवान, मले कुस्ती नाई मारायची. पूजा करायची हाय." असं म्हणून त्या कुशीले वळल्या, हात जमिनीवर टेकला, एक पाय उभा केला अन् उठल्या. मी पाहतच राह्यलो. लोकायले मी आता जे शिकवतो, ते हेच उठणं आहे. ते मले बाईंनी शिकवलं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी शेठने मलेही बोलावलं. धुतलेला सदरा घालून मी बैठकीत उभा राह्यलो. आत बाई पाटावर बसल्या. मांडी बरोबर होती, पाठ सरळ होती. मले खरी काळजी आरतीची होती, कारण आरतीले सारे उभे राहतात. पूजा लांबली. एवढा वेळ त्या कधी बसल्या नव्हत्या. माझे हात आपोआप पुढं येत होते, ते मी मागे बांधून ठेवले.

आरतीच्या ताटातला दिवा पेटला. शेठने वाकून हात पुढं केला.

"बाजूले हो," बाई म्हणाल्या. कुशीले वळल्या, हात टेकला, पाय उभा केला, अन् पदर सावरत उभ्या राह्यल्या. आरती सुरू झाली. तेव्हा कुठं मी मागे बांधलेले हात सोडले अन् टाळ्या धरल्या.

आरतीनंतर शेजारची एक बाई सुनेले विचारून राह्यली होती, "हे कोण? माझ्या सासूले पाहतीन काय?" सुनेनं मोबाईल काढून माझा नंबर दाखवला. नावापुढं तिनं पर्सनल ट्रेनर लिहून ठेवलं होतं. मी तो शब्द तिथंच पहिल्यांदा वाचला.

पंगत वाढायले घेतली, तरी बाई दिसेनात. आत डोकावून पाह्यलं, तं त्या परत पाटावर बसल्या होत्या. पूजा झाली होती, खोलीत कोणी नव्हतं. मी घाबरलो.

"काऊन बसल्या परत? पाय धरला काय?"

"नाई."

"मंग?"

"बसता येते म्हणून बसली," बाई म्हणाल्या. "तुम्ही जेवून घ्या. आंबील थंडी होते."