आबांनी पारखलेली गाडी

मला मोटारसायकल घ्यायची होती आणि गावात ज्याला त्याला मी स्कूटी घ्यावी असं वाटत होतं. बाईमाणसानं दोन्हीकडं पाय टाकून गिअर बदलत जावं, हे त्यांना बघवत नव्हतं म्हणे. ज्यांना बघवत नव्हतं त्यांच्यापैकी एकानंही आमचा रस्ता पावसाळ्यात स्कूटीवरून करून दाखवला नव्हता. चार किलोमीटर काळ्या मातीची पाणंद, मग डांबरी. छोट्या चाकाची गाडी तिथं रुतली की ढकलतच आणायची. शिवाय जुनी स्कूटी महाग आणि पेट्रोल जास्त पिणारी. मी वसमतच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. जेवढे तास घेतले तेवढाच पगार, आणि तास बुडायला लागले तर पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. बस तिच्या मर्जीनं यायची. तेव्हा शंभर सीसीची, साधी, किक मारून चालू होणारी जुनी गाडी, एवढंच मला परवडणार होतं.

गाडी बघायला बरोबर आले आबा, म्हणजे माझे वडील. त्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. जन्मभर त्यांनी मेंढ्या राखल्या. गुडघ्यांनी दगा दिल्यावर आदल्या वर्षी कळप विकला, आणि तेव्हापासून ते रिकामे होते. रिकाम्या माणसाचा घरादाराला ताप होतो तसा त्यांचा आम्हाला होत होता. भाजी कशी चिरावी, कपडे कुठं वाळत घालावेत, सगळ्यात त्यांचं मत असायचं. बाजारात चला म्हटल्यावर मात्र त्यांनी धुतलेलं धोतर काढलं.

पहिली गाडी जुन्या गाड्यांच्या एका दुकानात पाहिली. चकचकीत होती. टाकीवर नवं स्टिकर, टायरला काळं पॉलिश. मी कागदपत्रं बघायला लागले. आबांनी सरळ इंजिनवर तळहात ठेवला.

"हिला आदीच तापवून ठेवलंय," ते म्हणाले. "गार असताना दाखवा की."

दुकानदार हसला. "काका, गाडी हाय ती. मेंढी न्हाई."

"म्हून तर म्हणून राहिलो. मेंढीला बाजाराला आणायच्या आदी मीठ चारतेत, वरून पानी पाजतेत. पोट कसं गच्च दिसतं. घरी आणून दुसऱ्या दिवशी बघावं तर नुसत्या फासळ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडता उघडता आम्ही न सांगता जाऊन उभे राहिलो. गार इंजिनाला किका मारून मारून दुकानदाराला घाम फुटला, तेव्हा कुठं ती चालू झाली आणि मागून निळा धूर निघाला. आबा वळून चालू लागले. मला हसू आवरत नव्हतं.

आम्ही घेतली ती गाडी औंढ्यात एका निवृत्त ग्रामसेवकाच्या अंगणात धूळ खात उभी होती. सीट फाटलेली, एक आरसा गायब. आबांनी आधी इंजिनाला हात लावून ते गार असल्याची खात्री केली. मग खाली वाकून जमिनीवर तेलाचे डाग आहेत का पाहिलं. टायरवरून बोट फिरवून "दोन्ही खूर बराबर झिजलेत" म्हणाले. शेवटी त्यांनी ग्रामसेवकांना गाडी रस्त्यावर दूरपर्यंत चालवायला लावली आणि आपण मागं उभं राहून चाल पाहिली. दात तेवढे मिस्त्रीनं पाहिले, चेनच्या चक्राचे. हा मिस्त्री आमच्याच गावचा, औंढ्याला त्याचं गॅरेज आहे. तो म्हणाला, वर्षभर काळजी नाही. मला त्या दिवशी आबांचा अभिमान वाटला होता. बोलले नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही.

गाडी सांभाळायला मी मिस्त्रीकडून शिकले. चेन दोन बोटं हलली पाहिजे, जास्तही नाही आणि कमीही नाही. ऑइल वेळेवर बदललं की इंजिन कुरकुरत नाही. प्लग काढून पुसता आला की अर्धी कटकट मिटते. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये भरून पुढचं चाक जाम होतं, म्हणून काडी जवळ ठेवायची. हे सगळं मी एकदोनदाच केलं असेल. नंतर ते आबांनी माझ्या हातातून कधी काढून घेतलं, ते मला कळलंही नाही. सकाळी मी बाहेर येईपर्यंत मडगार्ड कोरलेलं, चेन पुसलेली, टायर अंगठ्यानं दाबून पाहिलेला. भाजीबद्दलची त्यांची मतं बंद झाली. माणूस पुन्हा कामावर लागला होता. मला वेळ मिळत होता आणि घरात शांतता होती, त्यामुळं कुणाचीच तक्रार नव्हती.

हळद शिजवायचे दिवस होते. त्या आठवड्यात मागचं चाक थांबताना कुरकुर करायला लागलं होतं. मी आबांना तसं म्हणाले होते, नाही असं नाही. कालव्याच्या पुलाआधी आमच्याकडं एक उतार आहे. तिथं मी मागचा ब्रेक दाबला तर तो आत गेला आणि काहीच झालं नाही. घाबरून पुढचा दाबला. चाक घसरलं आणि मी रस्त्याकडेला ताडपत्रीवर पसरलेल्या ओल्या हळदीत जाऊन पडले. गुडघा फुटला. हळदीचा मालक आधी हळदीकडं धावला, मग माझ्याकडं. पिवळ्याधमक कपड्यांवर कॉलेजात गेले, तर पोरींनी मुहूर्त कधीचा म्हणून विचारलं.

येताना गाडी मिस्त्रीकडं टाकली. त्यानं चाक उघडलं आणि तो बोलायच्या आधीच मला वास आला. करंजीचं तेल. मेंढ्यांचे खूर सडले, अंगाला खरूज झाली की आबा ते लावायचे. त्या वासात मी लहानाची मोठी झाले आहे.

"ह्याच्यात तेल कुणी सोडलं?" मिस्त्रीनं ब्रेकचे लायनर माझ्यासमोर धरले. तेल अक्षरशः गळत होतं. "ब्रेक कोरडा पाहिजे, ताई. तेल लागलं की तो धरनारच न्हाई. जीव गेला असता तुमचा. घरी कुनाला हात लावू देऊ नका."

लायनर नवे बसवून घरी आले. आबा ओसरीवर वाटच बघत होते. "कुरकुर गेली का न्हाई?" त्यांनी विचारलं. मेंढ्यांना जंताचं औषध पाजायच्या पिचकारीनं ते तेल चाकाच्या फटीत सोडलं, हे त्यांनीच सांगितलं. नेमकं, एक थेंब बाहेर न सांडता. कुरकुर गेली, असं मी म्हणाले. पडले ते ओल्या हळदीनं रस्ता निसरडा झाला होता म्हणून, असंही सांगितलं. खरं सांगावं तर त्यांच्या हातातलं काम जाणार होतं, आणि त्यांच्याकडं दुसरं काम नव्हतं. न सांगावं तर पुढच्या वेळी ताडपत्रीऐवजी पूल असू शकत होता. दोन दिवस मी हा विचार करत राहिले आणि दोन्ही दिवस गाडी जीव मुठीत धरून चालवली.

तिसऱ्या दिवशी नवे लायनर थोडे वाजले. सकाळी बाहेर आले तर आबा पिचकारी भरून चाकापाशी बसलेले.

"हात लावू नका!" मी ओरडले. गल्लीतली माणसं बघायला लागली. मग थांबता आलं नाही, सगळं बोलून टाकलं. उतार, लायनर, मिस्त्री, जीव गेला असता, सगळं. माझा आवाज फार चढला होता. त्याची मला आजही लाज वाटते.

आबांनी पिचकारीतलं तेल परत बाटलीत सोडलं. बूच लावलं. "मला काहून न्हाई सांगितलं त्याच दिवशी?" एवढंच म्हणाले.

नंतर आठ दिवस ते गाडीच्या बाजूला फिरकले नाहीत. ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसायचे. भाजीबद्दलही काही बोलेनात. मला वाईट वाटत होतं आणि राग पण येत होता, कारण चूक माझी नव्हती. चेन मी पुसत होते, वाईट पुसत होते.

मग एके दिवशी ते सकाळच्या बसनं एकटेच औंढ्याला गेले आणि संध्याकाळी परतले. तिथं कुणाकडं गेले होते ते सांगितलं नाही. हातांना काळं लागलेलं होतं. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी अंगणात पोतं अंथरलं, मागचं चाक खोललं, लायनर काढून पॉलिश पेपरनं घासले, चाकातला ब्रेकचा ड्रम कोरड्या फडक्यानं पुसला आणि सगळं परत बसवून नट आवळला. मी चहाचा कप हातात धरून उभी होते. थांबवायचं मनात आलं, पण थांबवलं नाही.

"चल," ते म्हणाले. "मला मागं बसव. उतारावर घे."

"आबा, मी मिस्त्रीला दाखवून घेते की."

"मिस्त्रीला कशाला? मी बसवलंय ते. पडायचं तर माझ्यासकट पड."

उताराच्या डोक्यावर आल्यावर त्यांनी माझा खांदा धरला. अर्ध्यात मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. आबांनी वाकून मागच्या चाकाकडं पाहिलं.

"अजून एकदा," ते म्हणाले.

तो उतार आम्ही तीनदा उतरलो. माझा पहिला तास बुडाला. तिसऱ्या खेपेला ते पुलापाशी खाली उतरले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "आता जा एकटी."