शाळेसमोरची जड धूळ

त्या रस्त्यावर सगळे तिला ताई म्हणत. कचरागाडीचा ड्रायव्हर तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, पण त्याचीही ती ताईच. एकोणीस वर्षं ती तोच रस्ता झाडत होती. धूळ म्हणजे धूळ, असं लोकांना वाटतं. ताईला तिच्या जाती पाठ होत्या. सिग्नलपाशी गाड्या करकचून ब्रेक मारत, टायर आणि ब्रेकचं लोखंड झिजे, म्हणून तिथली काळी, बोटाला चिकटणारी. पुलाखाली गंजाचे आणि जुन्या रंगाचे पापुद्रे. बांधकामापाशी नाकात जाऊन बसणारं सिमेंट. मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक ती जवळ ठेवी आणि गंमत म्हणून धुळीवरून फिरवी. सिग्नलपाशी त्याला लगेच लोखंडी कणांच्या मिशा फुटत.

शाळेच्या फाटकासमोरची धूळ मात्र निराळीच. करडी, सूपभर उचलली तरी मनगट भरून यावं इतकी जड, आणि लोहचुंबकाला अजिबात दाद न देणारी.

एके सकाळी प्रयोगशाळेतली एक तरुण संशोधक ब्रश आणि पिशव्या घेऊन आली. रस्त्यावरच्या धुळीत कुठलं विष कुठून येतं, हे तिला शोधायचं होतं. दर शंभर पावलांवर एक नमुना, असा तिचा बेत. ताईला राहवेना.

"पोरी, पावलं मोजून काय हाती लागणार? माझ्याबरोबर चल."

पिशव्या भरत दोघी शाळेपर्यंत आल्या आणि ताईचा पाय अडखळला. समोरचं बॅटरीचं दुकान तिच्या पाठच्या भावाचं. मागच्या शेडमध्ये तो जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा. मनात तिने कधीच दोन आणि दोन चार केले होते, पण जीभ रेटत नव्हती. तेवढ्यात दोन चिमुरड्या फाटकाशी बसून त्याच धुळीत बोटाने घर काढू लागल्या.

"इथली घे," ताई म्हणाली. "भरपूर घे."

अहवाल आला. शाळेसमोरच्या धुळीत सिग्नलच्या धुळीपेक्षा कितीतरी पट जास्त शिसं. अधिकारी येण्याआधी ताई स्वतःच भावाकडे गेली आणि ती धूळ आपणच दाखवली, हे तिने सांगून टाकलं.

"सख्ख्या भावाच्या जिवावर उठलीस?" तो कडाडला. "लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू दे. कप उचल बरं."

त्याने चहाचा कप उचलला. निम्मा बशीत सांडला.

"वर्षभर हात असे थरथरतायत तुझे. पोटात कळा येतात म्हणून ताटावरून उठतोस. मी डोळ्यांवर कातडं ओढून बसू होय?"

त्याने तिला दाराबाहेर काढलं. शेडला सील लागलं. दोन महिने बोलणं बंद. भावजयही रस्त्यात दिसली की तोंड फिरवी. ताई घरी एकटी रडली, पण कामावर एक दिवस चुकली नाही.

मग एका दुपारी भावजयच धावत आली. भाऊ कळांनी गडाबडा लोळत होता. दवाखान्यात रक्त तपासलं, तर त्यात शिसंच शिसं. ताई आठ दिवस त्याच्या उशाशी होती. तोवर शाळेने अंगणातली वरची माती काढली आणि सगळ्या मुलांची तपासणी केली. तिघांना औषधं द्यावी लागली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं.

भाऊ बरा झाला. तो आता फक्त नव्या बॅटऱ्या विकतो. जुन्या न फोडता कारखान्याच्या गाडीत चढवतो. दुकानासमोरची फरशी रोज ओल्या फडक्याने स्वतः पुसतो. कोपरा राहिला की ताई झाडू टेकवून उभी राहते.

"दिसतंय गं," तो कुरकुरतो आणि पुन्हा वाकतो.