तराजूबाई आणि सोनेरी रांग

"पाळण्याला तिकीट वाचता येत नाही, त्याला नुसतं वजन कळतं."

हे वाक्य तराजूबाईंनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, ते कुणी मोजलं नाही. रांगेत पुढे घुसणाऱ्याला त्या हेच सांगत आणि घरातलं भांडण मिटवायलाही हेच वापरत. सुनेनं ते लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ऐकलं. जेवायला कुणी कुठे बसायचं यावरून नणंद कुरकुरली, तेव्हा सासूबाईंनी हे वाक्य फेकलं आणि पाट सरकवला. नव्या सुनेला त्यातलं काही कळलं नाही. पुढे तीही त्याच करमणुकीच्या बागेत तीन नंबरच्या तिकीटखिडकीत बसायला लागली आणि रोज समोरचा आकाशपाळणा फिरताना पाहून तिला हळूहळू उमगत गेलं.

बाईंचं खरं नाव हजेरीपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं. बाहेर त्या तराजूबाई. माणूस रांगेतून चार पावलं पुढे आला, की त्याचं वजन त्यांना कळायचं. कोट असो, शाल असो, पोट आत ओढलेलं असो, त्यांचा डोळा फसायचा नाही. एकदा एक जाडजूड कंत्राटदार म्हणाला, "मी काय, सत्तर किलो." बाई म्हणाल्या, "सत्तर तुम्ही शाळेत असताना असाल. आता त्या पलीकडच्या डब्यात एकटे बसा, मी समोर तिघांना बसवते." रांग हसली आणि कंत्राटदारही हसला.

ही विद्या त्यांनी कुठल्या शाळेत घेतली नव्हती. त्या आल्या होत्या पाळण्याखालचा पालापाचोळा झाडायला. जुने मिस्त्री पाळणा चालवायचे आणि डबे भरताना स्वतःशी पुटपुटायचे. बाई झाडू मारता मारता ते पुटपुटणं ऐकत राहिल्या. सोळा डबे. एक भरला की अर्धा फेरा द्यायचा आणि त्याच्या बरोबर समोरचा भरायचा. मग चौथाई फेरा, पुन्हा एक, पुन्हा त्याच्या समोरचा. पाळण्याच्या कडेला दोन रबरी चाकं दाबून धरलेली असतात, ती फिरली की पाळणा फिरतो. एका अंगाला वजन साठलं, की रबर नुसतं घासतं आणि पाळणा हट्टी बैलासारखा पाय रोवतो. मिस्त्री थकले तेव्हा त्यांनी साहेबांकडे न जाता सरळ चावी बाईंच्या हातात दिली. म्हणाले, "झाडू ठेव. आता हे सांभाळ." त्या दिवसापासून सव्वीस वर्षं ती चावी बाईंच्या कमरेला होती.

त्या काळी तिकीट एकच होतं. मोठ्याला पूर्ण, लहानाला अर्धं, आणि कडेवरच्याला काही नाही. मग दर वर्षी ते थोडं थोडं चढू लागलं. चढलेलं तिकीट माणूस शिव्या देत देत पचवतो. पण तीन वर्षांपूर्वी नवे व्यवस्थापक आले आणि त्यांनी वर्षाचे तुकडेच पाडले. मोठं कॅलेंडर छापून त्यांनी प्रत्येक दिवसाला रंग दिला. परीक्षेचे नि आडवारांचे दिवस हिरवे, ते स्वस्त. मधले पिवळे. सुट्ट्या आणि रविवार लाल, त्यांचा दर हिरव्याच्या दुप्पट. सगळी बाग त्यांना कॅलेंडरसाहेब म्हणू लागली.

त्या रंगांचा सगळा मार सुनेच्या खिडकीवर बसायचा.

"ताई, गेल्या मंगळवारी आलो तेव्हा एवढ्यात चौघं गेलो होतो."

"मंगळवार हिरवा होता हो."

"आणि आज?"

"आज लाल."

"मग उद्या काळा काढणार असाल. त्या दिवशी घर गहाण ठेवून येतो."

सून हसायची आणि तिकीट फाडायची. तिच्या हातात दुसरं काय होतं?

यंदा साहेबांनी त्याच्याही वर कळस चढवला. लाल दिवशी आणखी दुप्पट पैसे भरले, की सोनेरी तिकीट. ते ज्याच्याजवळ, त्यानं रांगेत उभं राहायचं नाही. पाळण्यापाशी वेगळा कठडा झाला, त्याला सोनेरी रंग दिला, आणि फलक लागला : आधी सोनेरी, मग बाकीचे.

बाईंनी सोनेरी माणसांना आधी बसवलंच. पण एक डबा सोनेरी भरला, की समोरच्यासाठी त्या साध्या रांगेतून माणसं उचलायच्या. लाल दिवशी साधी रांग दीड-दीड तास उभी असायची. त्यातली चार माणसं अचानक वर जायची. मग तक्रारी झाल्या. आम्ही दुप्पट मोजले आणि हे आमच्याबरोबरच कसे? तिसरी तक्रार आली तेव्हा साहेबांनी बाईंना बोलावलं. सून पावतीपुस्तकं द्यायला आली होती, ती दारातच थबकली.

"बाई, येत्या रविवारी मालक मंडळी येणार आहेत. सोनेरी रांग संपल्याशिवाय साध्या रांगेतलं एक माणूस वर जाता कामा नये."

"साहेब, सोनेरी माणसं वीस-पंचवीस. ती ओळीनं भरली की सहा डबे एका अंगाला होतील. समोर काय, वारा बसवू?"

"मोटर गेल्या वर्षी नवी घेतली आहे."

"मोटर नवी आहे. रबर आणि पाळणा जुनाच आहे."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "रविवारी माझ्या सांगण्याप्रमाणे झालं नाही, तर पहिल्या तारखेपासून तुम्ही बूट ठेवायच्या कट्ट्यावर. पाळण्याला दुसरा माणूस बघतो."

घरी जाताना सून म्हणाली, "आई, एक दिवस ऐका त्यांचं. बुटांच्या कट्ट्यावर तुमचा जीव रमणार नाही."

"बुटांचं काही नाही गं. बूट आपल्या जागी गप बसतात."

"मस्करी नको."

बाई चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "सूनबाई, माझी जागा जाईल याची भीती मला वाटते, खोटं कशाला सांगू. पण पाळण्यात बसलेल्या माणसाला वाटते ती भीती वेगळी. ती मी माझ्या हातानं कुणाला देणार नाही."

रविवार उजाडला तो ऊन घेऊनच. साधी रांग फाटकापर्यंत वळली होती. सोनेरी कठड्यात चोवीस माणसं होती आणि त्यांत मालकांच्या आई, थोरल्या मालकीणबाई. वय ऐंशीच्या घरात, हातात काठी. फुकट जायचं नाही म्हणून त्यांनी तीन नंबरच्या खिडकीवरच पैसे मोजले होते. जाताना म्हणाल्या, "एवढ्यात तर आम्ही हा अख्खा पाळणा घेतला होता."

पाळणा सुरू करायच्या दांड्याजवळ साहेब येऊन उभे राहिले. "चला बाई. ओळीनं सहा डबे."

बाईंनी कमरेची चावी सोडली आणि त्यांच्यापुढे धरली.

"ही घ्या. ओळीनं भरायचे तर तुम्ही भरा. मी इथे खाली उभी आहे, कुठे जात नाही."

साहेबांचा चेहरा उतरला, पण मालक बघत होते. त्यांनी चावी घेतली आणि वीजवाल्याला दांडा धरायला लावला. पहिल्या डब्यात मालकीणबाई बसल्या, दुसरा भरला, तिसरा भरला. चौथा, पाचवा. खिडकीतून सून बघत होती आणि समोरचं गिऱ्हाईक "ताई, सुटे" म्हणत होतं ते तिला ऐकू येत नव्हतं. सहावा डबा भरला. वीजवाल्यानं दांडा ओढला. मोटर गुरगुरली, रबर किंचाळलं, जळका वास आला आणि पाळणा हललाच नाही. मग तो हळूच मागे यायला लागला.

वीजवाल्यानं ब्रेक दाबला. पाळणा थांबला, पण डबे झोके घेऊ लागले. वरून एक बाई रडायला लागली. साहेब वर बघत होते आणि त्यांच्या हातातलं कॅलेंडर ओल्या पापडासारखं वाकलं होतं.

"पुन्हा ओढ," ते वीजवाल्याला म्हणाले.

"ओढू नकोस," तराजूबाई म्हणाल्या, आणि वीजवाल्यानं दांडा सोडून दिला. साहेबांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. बाईंनी साहेबांपुढे नुसता तळहात केला. चावी त्यात आपोआप आली.

त्यांनी वर बघून आवाज दिला. "कुणी उभं राहायचं नाही. पाळणा थोडा मागे येईल, तो मीच आणते आहे. घाबरू नका."

मग त्यांनी ब्रेक सोडला, एकदम नव्हे. दोराला धरून तान्ह्याचा पाळणा थांबवावा, तसा बोटाबोटानं. सगळं जड अंग सावकाश तळाशी आलं आणि निवांत झालं. तळाच्या डब्यातली चार माणसं त्यांनी उतरवली. शेजारच्या डब्यातली चार उतरवली. उतरलेला एक गृहस्थ तणतणला, "मी सोनेरी तिकीट काढलंय."

"काढलंय ना, खिशात जपून ठेवा. तुमचा फेरा बाकी आहे."

आता वजन हलकं झालं होतं. बाईंनी दांडा ओढला. रबरानं पकड घेतली आणि पाळणा अर्धा वळला. रिकामा डबा खाली आला. बाई साध्या रांगेकडे वळल्या. उन्हात दीड तास उभी असलेली ती माणसं आता श्वास रोखून उभी होती.

"निळ्या सदऱ्यातले मामा, या. त्यांच्या मागच्या दोघी बहिणी. आणि तुम्ही आजोबा. नाही, पिशवी इथेच ठेवा, पिशवीचं वजन मला नको."

"आमचं तिकीट साधं आहे हो," मामा म्हणाले.

"मला तुमचे साठ-पासष्ट किलो हवेत. तिकीट राहू द्या."

रांगेत हसू फुटलं. एक डबा, अर्धा फेरा, समोरचा डबा. बाई बोट दाखवत होत्या आणि माणसं पुढे येत होती. एक लठ्ठ शिक्षिका म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वजनाचा मान झाला." उतरवलेली आठही सोनेरी माणसं बाईंनी पुन्हा बसवली, पण आता त्यांच्या समोर साधी माणसं होती. सोळा डबे भरले. पाळणा असा उचलला गेला, की जणू त्याला कधी काही झालंच नव्हतं. वर मालकीणबाई, समोर निळ्या सदऱ्यातले मामा. त्या वर तेव्हा हे खाली, हे वर तेव्हा त्या खाली. बाईंनी नेहमीपेक्षा दोन फेरे जास्त दिले. त्यांना विचारणारं आता कुणी नव्हतं.

थोरल्या मालकीणबाई उतरल्या त्या काठी टेकत सरळ दांड्यापाशी आल्या.

"मी वर अडकले तेव्हा खाली काय बोलणं झालं, ते मला ऐकू आलं नाही. पण कुणी बोललं नि कुणी ऐकलं, ते दिसलं. नाव काय तुझं?"

"तराजूबाई म्हणतात."

"माझं वजन किती?"

"बेचाळीस. काठी धरून त्रेचाळीस."

म्हातारी खळखळून हसली. मग मुलाकडे वळली. "या कठड्याचा रंग खरवडून काढ. तुझे हिरवे-लाल दर तू बघ. पण पाळण्यापाशी कुणी आधी बसायचं, ते ही ठरवेल."

साहेब दोन पावलं पुढे आले. "बाई, माझी चूक झाली. तुम्ही सांगितलं होतंत."

"झाली खरी," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही कॅलेंडर लावता, तर एक अडचण तुम्हीच सोडवा. लाल दिवशी सकाळची रांग ओसरली, की एवढ्या दरात नवं कुणी येत नाही आणि दुपारी माझे डबे अर्धे रिकामे फिरतात. समोर वजन नसलं की मी चालवू कशी? फाटकाबाहेर माणसं नुसती बघत उभी असतात. त्यांतली लागतील तेवढी मला आत घेऊ द्या. बिनतिकिटाची."

"फुकट?" मालक म्हणाले.

"फुकट कसं? ती काम करतील. वजनाचं."

मालकांनी आईकडे पाहिलं. आई काठीच्या मुठीकडे बघत होती आणि तिचे खांदे हसण्यानं हलत होते. "दे," ती म्हणाली.

तासाभरात सुनेच्या खिडकीत उरलेल्या पिवळ्या कागदाचे चौकोन कापले गेले. प्रत्येकावर तिनं आपल्या अक्षरात लिहिलं : वजनाचा पास. तराजूबाई खिडकीशी आल्या, तेव्हा तिनं गठ्ठा पुढे सरकवला.

"आई, पंचवीस आहेत. पुरतील?"

"जाड माणसं मिळाली तर पुरतील."

"जिंकलात म्हणायचं."

"पाळणा फिरला ना? मग झालं." एवढं बोलून बाईंनी तोंड फिरवलं, पण फिरवता फिरवता त्यांच्या गालावरचं हसू सुनेनं पकडलंच.

बाई फाटकाकडे निघाल्या. एका हातात पिवळे पास, दुसरा हात पाठीमागे, चाल सावकाश. खरवडलेल्या सोनेरी रंगाचे कपचे त्यांच्या चपलेखाली करकरत होते. उरल्यासुरल्या साध्या रांगेनं दोन्ही बाजूंना सरकून वाट दिली. निळ्या सदऱ्यातल्या मामांनी कपाळाशी हात नेऊन सलाम केला. कठड्यापाशी कॅलेंडरसाहेब हातात खरवडणी घेऊन उभे होते, ते तसेच बघत राहिले. आणि तीन नंबरच्या खिडकीत सून गजांना कपाळ टेकून बघत होती, सासूबाई फाटक उघडून बाहेरच्या गर्दीला डोळ्यांनी जोखायला लागेपर्यंत.